हळदीच्या कॅसेटवरचं कासव

आमच्या घरात एका कार्टूनचा शेवट सांगायचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. गणपतीत सगळी भाचरं-पुतणी जमली आणि जेवणं उरकली, की कुणीतरी म्हणतंच, "आत्या, कासव." मग मी एक स्टीलचं ताट घेते, एक चमचा घेते आणि गुडघ्यांचा विचार न करता जमिनीवर बसकण मारते. उठताना मला दोघांनी ओढावं लागतं. तो भागही आता कार्यक्रमातच धरतात.

कार्टून फार जुनं. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी कुठल्याशा परदेशात हातानं काढलेलं. त्यात कुणी बोलत नाही, सगळे फक्त वाजवतात. तळ्यावर कार्यक्रम असतो. एक फुगलेला बेडूक गाल ताणून भलंमोठं पितळी वाद्य फुंकतो, बगळा स्वतःच्याच लांब पायांवर सारंगीसारखा गज फिरवतो, आणि काळा कोट घातलेला पाणकावळा छडी हलवून सगळ्यांना ताब्यात ठेवतो. या सगळ्यांपासून लांब, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, एक कासव गळ्यात लोखंडी त्रिकोण अडकवून निघालेलं असतं. त्याला सगळ्यात मिळून एकदाच वाजवायचं असतं. बाजाच्या अगदी शेवटी, एक टिंग. इकडे बाजा रंगत जातो आणि तिकडे कासव चालत राहतं.

शेवट मी दर वर्षी वेगळा सांगते. एकदा बेडूक परत येऊन त्याला खांद्यावर घेऊन नाचला. एकदा बगळ्यानं त्याला चोचीत उचलून वेळेवर आणलं. ज्या वर्षी धाकट्या भाच्याला ताप होता, त्या वर्षी तर पाणकावळ्यानं स्वतःचा कोट काढून कासवाला घातला. मोठी भाची आता इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणते, "आत्या, मागच्या वर्षी असं नव्हतं." मी म्हणते, "तो दुसरा भाग होता." असं करत करत माझ्याकडे पंधरा-वीस भाग झालेत. खरा शेवट तेवढा मी कुणाला सांगितला नव्हता. तो सांगितला, की हे तू कुठे पाहिलंस असं कुणीतरी विचारणार, मग कॅसेटचं नाव निघणार, आणि कॅसेटचं नाव निघालं की ताई मान वर करणार.

आम्ही कर्जतजवळच्या कडावचे. आमच्याकडे टीव्ही वेळेवर आला, पण व्हीसीआर मात्र अख्ख्या आळीच्या आधी आला, कारण काका मुंबईला गोदीत कामाला होता आणि त्यानं तो तिकडून आणला होता. सगळे त्याला 'डबा' म्हणत. डब्याला हात लावायची परवानगी काकाला आणि ताईला. मला फक्त त्यावरचं विणलेलं झाकण घडी घालून ठेवायची.

हे कार्टून टीव्हीवर एका रविवारी अचानक लागलं. ताई आणि मी बघत होतो. कासव तळ्याच्या मध्यावर आलं आणि लाइट गेली. ती आली तेव्हा शेतीचा कार्यक्रम चालू होता आणि एक साहेब खताबद्दल बोलत होते. मी रडले. मी तेव्हा सातवीत, म्हणजे कार्टूनसाठी रडायचं वय नव्हतं, पण तेव्हा मला कशानंही रडू यायचं. ताईचं लग्न ठरलं होतं.

"पोचलं असेल गं," ताई म्हणाली.

"आणि नसेल पोचलं तर?"

"तर बघू. परत लागलं आणि तू बघितलंस, तर मला दाखवशील. डब्यात भरून ठेव."

सासरी, खालापूरकडच्या कुंभिवलीला, टीव्ही नव्हता, म्हणून माझ्यावर सोपवलं. कर्जत-खालापूर आज वीस वेळा जाऊन येईन, पण तेव्हा मला कुंभिवली म्हणजे तळ्याचं दुसरं टोक वाटायचं.

ताईच्या हळदीचं शूटिंग झालं. लग्नाचं नाही झालं, कारण कॅमेरावाल्याची दुसऱ्या मांडवात आधीच सुपारी होती. त्या हळदीला आमची धवलारीण, म्हणजे आमच्याकडे लग्नाचे विधी ज्या बाईच्या गाण्यावर चालतात ती, घसा बसून आली. दोन गाण्यांत तिचा आवाज गेलाच. मग बायकांनी आईला पुढे ढकललं. आई लावणीच्या वेळी शेतात गायची, जात्यावर गायची, पण माणसांत कधी नाही. त्या दिवशी गायली. कॅमेरा चालू होता हे तिच्या लक्षात नसावं.

ताई गेल्यावर ती कॅसेट आम्ही रोज लावायचो. आईच लावायला सांगायची आणि स्वतःचं गाणं आलं की, "बंद कर गं, काय तो घोगरा आवाज," म्हणून स्वतःच उठून बटण दाबायची. तोवर मात्र पडद्यावरच्या ताईला डोळे भरून बघायची. त्यामुळे कॅसेट कायम तिथेच थांबलेली असायची, आईनं तोंड उघडायच्या जागी.

आणि मग एका रविवारी कार्टून परत लागलं.

बगळ्याला पाहून मी ओळखलं. मी किंचाळले, आई सैपाकघरातून पिठाच्या हातानं धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. मी म्हटलं, "ताईसाठी भरायचंय, ताईसाठी!" काकाच्या बाकीच्या कॅसेटी कपाटात कुलपात. बाहेर एकच, डब्यात. मी बटण दाबलं तर डब्यानं कॅसेट ओकून दिली. काकानं तिच्या कडेची चकती मोडून ठेवली होती. चकती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, हे मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं. पण आईनं कॅसेट हातात घेतली, ते भोक पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि चुलीजवळच्या काडेपेटीचा पुठ्ठा फाडून, चार घड्या घालून त्यात कोंबला. आमच्याकडे डगमगणारा पाट असो, खिडकीची फट असो, उपाय तोच.

"यात तुझं गाणं हाय," मी म्हटलं. एवढं म्हटल्याचं मला नक्की आठवतं.

"असूं दे. मी हाय ना हितं? गाईन परत. भर लवकर, संपंल ते."

मी भरलं. कासव मध्यावर यायच्या जरा आधी सुरू केलं आणि काळा पडदा झाल्यावर बंद केलं. आई दारात उभी राहून बघत होती, हाताचं पीठ वाळेपर्यंत.

ताई पहिल्या सणाला घरी आली. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "हळदीची कॅसेट लाव गं, किती दिवस झाले." मी तिच्यासाठी कासव आणून ठेवलं होतं. तो तर माझा सगळ्यात मोठा बेत होता. आणि तिनं हळद मागितली. मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे. माझ्या तोंडातून आलं, "कॅसेटला बुरशी लागली. लागत नाही आता." आई सैपाकघरात गेली. ताई पडवीत जाऊन बसली आणि थोड्या वेळानं तिनं भाऊजींचे मोजे वाळत घातले.

माझ्या आयुष्यातली ही पहिली रचलेली गोष्ट. सगळ्यात छोटी, आणि सगळ्यात जास्त चाललेली.

आई परत गाईन म्हणाली होती, आणि गायलीही असेल शेतात. पण कुणी कॅमेरा, पुढे फोन, समोर धरला की ती पदर सारखा करून गप्प उभी राहायची. फोटो आणि व्हिडिओ यात फरक आहे हे तिनं शेवटपर्यंत मानलं नाही. आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आईचे असे कितीतरी व्हिडिओ आहेत. त्यात आई फोटोसारखी उभी आहे आणि पाठीमागे कोंबड्या बोलतायत.

ती जाऊन आता सहा वर्षं झाली. यंदा भावानं कडावच्या घरावर मजला चढवायला घेतला, म्हणून माळा रिकामा केला. ताई मदतीला गेली होती. मी इकडे कर्जतच्या भिसेगावात, आमच्या ब्लॉकमध्ये, कंबर धरून बसले होते. ताईचा फोन आला.

"अगं, हळदीची कॅसेट सापडली."

"हो का?" मी.

"बुरशी कुठं हाय तिला? नुसती धूळ. पुसली तर चकचकीत."

"आतून असेल."

"कर्जतात एक स्टुडिओवाला जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हमध्ये भरून देतो म्हणं. बुरशी असली तरी धुतो. उद्या येते मी." मग जरा थांबली. "तुला आईचा आवाज आठवतो का गं? मला तिचं बोलणं आठवतं, शब्द न् शब्द आठवतो. आवाजच नाय आठवत. माझ्याच आवाजात ऐकू येतं सगळं."

मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली. कुकर लावलेला नव्हता.

स्टुडिओवाला आमच्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं कॅसेट उलटसुलट केली आणि चिमट्यानं कडेतून काहीतरी ओढून काढून काचेवर ठेवलं. काडेपेटीचा पुठ्ठा. चार घड्या.

"ही चकती तोडलेली आहे ताई, म्हणजे वर काही भरलं जाऊ नये म्हणून. आणि हे इथे कोंबलेलं. मुद्दाम केलंय कुणीतरी. वरून काहीतरी भरलेलं असणार."

ताईनं पुठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या, पाळण्यात बसवलेल्या कुणाच्या तरी बाळाच्या फोटोकडे. ताईनं पुठ्ठा पर्समध्ये टाकला. स्टँडपर्यंत आम्ही शेजारी शेजारी चाललो, आणि ती टेंपोत बसून निघून गेली.

चार दिवस फोन नाही. आमचे हे म्हणाले, "भांडलात का?" म्हटलं, "अजून नाही."

पाचव्या दिवशी मेसेज आला. 'पेनड्राइव्ह आणला. ये.' मी कुंभिवलीला गेले. ताईचं घर हायवेला लागून, दर मिनिटाला एक कंटेनर जातो आणि भांडी किणकिणतात. दुपारची वेळ, भाऊजी कंपनीत, सुना नोकरीला. ताईनं पेनड्राइव्ह टीव्हीला लावून ठेवला होता आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, दवाखान्यात मांडतात तशा.

"मी एकटीनं नाय बघितलं," ती म्हणाली. "आधी तू सांग."

मी सांगितलं. लाइट गेल्यापासून ते मोज्यांपर्यंत सगळं. मी सांगायला बसले की माझे हात चालतात. त्या दिवशी मांडीखाली धरून सांगितलं.

ताई म्हणाली, "म्हणजे पुठ्ठा आईनं कोंबला."

"हो."

"आणि म्हणाली, मी हाय ना हितं."

"हो गं."

"बाय, तुझ्या गोष्टीत आई नेहमी मोठ्या मनाची असते. आणि बगळा कासवाला चोचीत धरून आणतो."

खरंच होतं. पंधरा-वीस भाग मीच केले होते. माझ्या बाजूनं बोलायला फक्त आई होती, आणि ती कॅसेटवर किती उरली आहे ते दोघींनाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आईवर ढकलत नाही मी. भरलं मीच. बुरशीही मीच लावली."

"ते माहीत हाय मला," ताई म्हणाली आणि रिमोट उचलला.

हळद लागली. रंग सगळे फिके पडून एकच पिवळा उरलेला. हळद लागलेली आपली माणसं किती बारीक होती! काका दोनदा कॅमेऱ्यासमोरून मुद्दाम गेला. मी स्वतः दिसले, दोन वेण्या, तोंड पाडून, लाडूवर लक्ष. मग बायकांचा गलका झाला आणि आईला पुढे ओढलं. आई पदर तोंडात धरून हसतेय. आवाज गलक्यात बुडालेला. मग गलका शांत झाला, आईनं पदर खाली घेतला, श्वास घेतला, तोंड उघडलं —

पांढऱ्या मुंग्या. आणि बेडूक.

ताईच्या तोंडून एवढासा आवाज आला. मला वाटलं ती आता पुढे पळवेल. रिमोट हातातच होता. पण तिनं नाही पळवलं. आपल्या आईच्या जागी तिनं बेडूक बघितला, बगळा बघितला, आणि तळ्याच्या मध्यावर आलेलं कासव दिसल्यावर म्हणाली, "हितं गेली होती ना लाइट?"

"इथंच."

मग आम्ही दोघींनी तो शेवट बघितला. मी तो पहिल्यांदा पाहिल्याला चाळीस वर्षं होत आली असतील, आणि इतके भाग रचल्यावर मलाही तो नीट आठवत नव्हता. बाजा शिगेला पोचतो, पाणकावळा छडी उंच धरतो, कासवाच्या टिंगसाठी सगळे थांबतात. कासव अजून चिखलात. एक क्षण थांबतात, आणि मग पाणकावळा स्वतःच छडी खाली आणतो. संपलं. सगळे वाकून नमस्कार करतात, वाद्यं उचलतात, जातात. दिवे विझतात. कमळाची पानं रिकामी होतात. कासव येतं तेव्हा कुणी नसतं. ते चढतं, धापा टाकतं, इकडेतिकडे बघतं, आपली जागा शोधतं. हो, जागा शोधतं, कडेची, शेवटच्या ओळीतली, आणि तिथेच उभं राहून एकदा वाजवतं. टिंग. चारी बाजूंनी काळा गोल मिटत येतो.

कुणी परत येत नाही. कोट नाही, खांदे नाहीत.

"पोचलं," ताई म्हणाली.

"पोचलं."

"नाय थांबलं गं कुणी."

तेवढ्यात मुंग्या आल्या, आणि मुंग्यांतून, कुठल्याही तयारीशिवाय, मध्येच तुटलेल्या शब्दातून, आई.

"…ला अडकला,
सोडवू गेली माय त्याला, दिस माथ्यावर चढला."

संपलं गाणं. दीड ओळ. आवाज घोगरा होता, आई म्हणायची तसाच, आणि खालच्या पट्टीत, आणि 'चढला'वर जरा वर जाऊन तिथेच सोडून दिलेला. बायका हसल्या. आईला कॅमेरा दिसला. "अगं बाई, चालू हाय का ते? बंद करा हो," असं म्हणून तिनं हात पुढे केला आणि तिच्या हळदीच्या तळव्यानं अख्खा टीव्ही भरून गेला.

ताईनं मागे घेतलं. परत लावलं. परत मागे घेतलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी थोडं आधीपासून लागायचं, त्यामुळे प्रत्येक वेळी काळा गोल मिटायचा आणि मग आई यायची. बाहेरून कंटेनर गेला की ताई थांबवायची आणि तो जाईपर्यंत वाट बघायची. मी रडत होते. मोठ्यानं नाही, पण पदर ओला झाला. ताई रडत नव्हती. ती ओठ हलवत होती, आईचा आवाज तोंडात बसवून बघत होती.

"असाच होता," ती म्हणाली. "मी उगाच बारीक ऐकत होते इतके दिवस."

मग म्हणाली, "हे 'उंबऱ्याशी थांब बाये, पदर तुझा अडकला' तेच ना? प्रत्येक कडव्यात निराळ्या वस्तूला अडकतो."

"तेच."

"मग शेवटच्या कडव्यात कशाला अडकला?"

"तुळशीला," मी लगेच म्हटलं. "तुळशीच्या मंजिरीला. म्हणजे माहेरचं अंगणच तिला सोडत नाही, आणि मग आई जाऊन…" माझे हात मांडीखालून सुटून वर आले होते.

ताईनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही. "बनवू नको गं. आठव."

मी हात खाली घेतले. खरं सांगते, मला आठवायची सवयच राहिली नाही. मी काही आठवायला गेले, की पाच-सहा बरी उत्तरं आधीच रांग लावून उभी असतात आणि त्यातलं सगळ्यात गोड मी उचलते. मी त्यांना एकेक करून बाजूला केलं. तुळस नाही. पाळणा नाही. दाराची कडी नाही, ती पहिल्या कडव्यात होती, बहुतेक. आई जात्यावर बसलेली आठवली, ते उपयोगाचं नव्हतं. लावणीला वाकलेली आठवली, नुसती पाठ. मग गोठा आठवला, पावसाळ्यातला, आई दूध काढताना हेच म्हणतेय आणि मी दारात तांब्या घेऊन उभी, आणि शेवटच्या कडव्याला ती हसायची, कारण तो शब्द तिच्या हाताशीच असायचा.

"दावं," मी म्हटलं. "वासराच्या दाव्याला."

ताईनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. इतकं निरखून तर तिनं मला कधी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

"बनवलंस?"

"नाही."

तिनं टीव्ही बंद केला, खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मग म्हण."